पिवळ्या पानाला नुसता युरिया नको!

मागच्या खरिपाच्या तोंडावर उरणकडच्या एका गावात भातपिकाची बैठक होती. गाव नवी मुंबई प्रकल्पातले. बरीचशी जमीन गेलेली, पण खाडीकडेच्या तुकड्यात अजून भात होतो. विषय होता झिंकची कमतरता. भाताचे पान पिवळे पडले की आपण डोळे मिटून युरिया फेकतो, हे मी समजावून सांगत होतो. नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह कमी पडले तर शेंड्याची नवी पाने पिवळी पडतात. झिंक कमी पडले तर लावणीनंतर दोन-चार आठवड्यांत पानावर तांबूस तपकिरी ठिपके येतात, रोप खुरटते. दुरून बघाल तर तिन्ही शेते आजारी दिसतात. पण औषध तिन्हींचे वेगळे.

बैठक संपली. चहा आला. मागच्या ओळीतल्या एक काकू जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "दादा, पानाचं सांगितलंस. मानसाचं पण तसंच असल काय? पाय माजे हाईत का नाय, तेच मना कलत नाय."

काकूंचे वय पन्नाशीच्या आसपास. चार वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू. तरी थकवा जात नव्हता, केस गळत होते, तळपाय बधिर, बोटांना मुंग्या. बांधावरून चालताना दोनदा तोल गेला होता. घरचे म्हणायचे, "थायरॉईड आहे ना, असं होतंच." दर वेळी तपासणीत थायरॉईडचा आकडा वाढलेला यायचा आणि गोळीची ताकद वाढायची. काकूंच्या शेतात युरियाच पडत होता. कमी पडत होते दुसरेच काही.

कृषी खात्याच्या माणसाने थायरॉईडवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. मी डॉक्टर नाही आणि या लेखातून कोणाला औषध देणार नाही. पण काकूंच्या निमित्ताने आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोललो, वाचले, आणि लक्षात आले की या दुखण्यातला निम्मा घोळ जेवणाच्या ताटात आणि गोळ्यांच्या वेळापत्रकात आहे. तो घोळ घरातल्या माणसांनाच निस्तरता येतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

थायरॉईड म्हणजे काय?

गळ्याच्या पुढच्या भागात, घाटीच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. ती जे द्रव्य रक्तात सोडते त्यावर शरीराची चाल ठरते. इंजिनाला जसा थ्रॉटल, तशी शरीराला ही ग्रंथी. ती मंदावली की सगळेच मंदावते. थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते, बद्धकोष्ठ होतो, कातडी कोरडी पडते, केस गळतात, पाळी बिघडते, मन उदास होते.

हे दुखणे दुर्मीळ नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या देशातील आठ शहरांच्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढ माणसांत थायरॉईड मंदावलेला आढळला. म्हणजे दर दहात एक. त्या आठ शहरांत मुंबईही होती. बायकांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असते.

आता गंमत बघा. ब-१२ जीवनसत्त्व कमी झाले तरी थकवा येतो. ड जीवनसत्त्व कमी झाले तरी अंग दुखते, पायांत जोर राहत नाही. लोह कमी झाले तरी केस गळतात, दम लागतो. म्हणजे तीच पिवळी पाने! त्यामुळे दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी थायरॉईडची तपासणीच न करता महिनोन्महिने टॉनिक पितो. आणि कोणी थायरॉईडची गोळी चालू आहे म्हणून बाकी कशाकडे बघतच नाही. दोन्ही चुका सारख्याच महागात पडतात. थायरॉईडची गोळी ब-१२ भरून काढत नाही. ब-१२ची गोळी थायरॉईडचे काम करत नाही. एवढे एक वाक्य लक्षात ठेवलेत तरी या लेखाचे काम झाले.

समुद्राकाठी आयोडीन कमी कसे?

थायरॉईडचे नाव निघाले की आपल्याकडचे लोक म्हणतात, "आपण मिठागरावरची माणसं. आपल्याला आयोडीन कसं कमी पडेल?" बोलणे बरोबर वाटते. आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरूनच आगरी हे नाव आले असे सांगतात. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतली ९५ गावे प्रकल्पात आली. त्याआधी या पट्ट्यात भातशेती, मासेमारी आणि मीठ हीच तीन कामे होती.

पण समुद्राच्या पाण्यात आयोडीन असले तरी ते उन्हात आटवून केलेल्या खडे मिठात फारसे उरत नाही. आगरातले मीठ कितीही पांढरेशुभ्र असले तरी त्यात आयोडीन वरून मिसळावे लागते. समुद्राचे आयोडीन आपल्याला मिळते ते मासळीतून. तेव्हा ज्या घरात मासळी येत नाही आणि मीठही खड्याचे किंवा सैंधव वापरतात, त्या घराला समुद्र दाराशी असून उपयोग नाही.

माणसाला रोज लागते ते जेमतेम १५० मायक्रोग्रॅम आयोडीन. अख्ख्या आयुष्याचे मिळून चमचाभरसुद्धा होत नाही. पण तेवढे मिळाले नाही तर गळ्याला गाठ येते, आणि गरोदर बाईला मिळाले नाही तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ सालापासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, तेव्हा गलगंडाचे प्रमाण उतरलेले दिसले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ साली त्याचे नाव बदलून आयोडीन कमतरता विकार नियंत्रण कार्यक्रम झाले. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर १९९८ साली केंद्राने बंदी घातली, २००० साली ती उठली आणि २००६ साली पुन्हा लागू झाली. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असे प्रमाण धरले जाते.

म्हणून घरात रोजच्या जेवणाला आयोडीनयुक्त मीठ वापरा. लोणच्याला, सुकी मासळी खारवायला खडे मीठ वापरलेत तर वापरा, पण ताटातले मीठ पाकिटावर आयोडीनचे चिन्ह बघूनच घ्या. बरणी झाकून ठेवा, चुलीच्या वाफेजवळ नको.

मात्र हेही लक्षात घ्या. आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोहोचल्यापासून थायरॉईड मंदावण्याचे मुख्य कारण बहुधा आयोडीन राहिलेले नाही. शरीराचीच संरक्षण करणारी फौज उलटून या ग्रंथीवर चाल करते, असा प्रकार जास्त आढळतो. अशा वेळी जास्त मीठ खाऊन किंवा आयोडीनचे थेंब घेऊन ग्रंथी सुधारत नाही, उलट बिघडू शकते. आणि मीठ वाढले की रक्तदाब वाढतो तो वेगळाच.

ब-१२ : माळ घातली, मासळी सुटली

काकूंकडे परत येऊ. बोलता बोलता कळले की त्यांनी सहा-सात वर्षांपूर्वी माळ घातली. तेव्हापासून मासळी, अंडे बंद. आपल्याकडे आगरी-कोळी घरांत वारकरी पंथाचा मोठा मान आहे. माळ घालणे ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती उतरवा असे मी कोणाला सांगणार नाही. पण ज्या माणसाने चाळीस-पंचेचाळीस वर्षे मासळी खाल्ली आणि मग एकदम सोडली, त्याच्या शरीरातला ब-१२चा साठा हळूहळू संपतो. हा साठा यकृतात असतो आणि काही वर्षे पुरतो. म्हणून माळ घातल्याबरोबर काही होत नाही. चार-पाच वर्षांनी पाय बधिर होतात, तेव्हा मासळी सुटल्याची आठवणही कोणाला राहत नाही.

ब-१२ हे जीवनसत्त्व भाजीत नाही, भातात नाही, नाचणीत नाही, डाळीत नाही. मी रोज पालेभाजीचा प्रचार करणारा माणूस, पण हे कबूल केलेच पाहिजे. ते मिळते मासळी, शिंपल्या, अंडी, मटण, कलेजी यांतून, आणि शाकाहाऱ्यांना फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतून. तिसऱ्या आणि कालवांत तर ते भरपूर असते. रोजची गरज आहे दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. चहात घातलेल्या दोन चमचे दुधाने ती भागत नाही.

हा प्रश्न केवळ आपल्या पट्ट्यापुरता नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. त्यात अर्ध्याहून जास्त बायांमध्ये ब-१२ कमी आढळले. शेतात राबणाऱ्या, पण दूधदुभते आणि सामिष बेताचेच मिळणाऱ्या या बाया.

थायरॉईडच्या रुग्णाने ब-१२कडे जास्त लक्ष द्यायचे आणखी एक कारण आहे. जी फौज उलटून थायरॉईडवर जाते, तीच काही जणांत पोटाच्या अस्तरावरही जाते. मग ब-१२ खाल्ले तरी आतड्यात शोषले जात नाही. अशा माणसाला डॉक्टर इंजेक्शन देतात किंवा जास्त ताकदीची गोळी देतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ब-१२ उतरू शकते. म्हणजे घरात थायरॉईड, साखर आणि माळ हे तिन्ही एकाच माणसाकडे असेल तर ब-१२ची तपासणी मागून घ्यायलाच हवी.

एक धोक्याची सूचना. रक्त कमी आहे म्हणून नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेत राहू नका. फॉलिक ॲसिडने रक्ताचा आकडा सुधारतो, पण ब-१२ कमी असेल तर मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते. वरून शेत हिरवे दिसते आणि मुळे कुजत असतात, तसा हा प्रकार. मज्जातंतूंची झीज फार दिवस राहिली तर पुरती भरून येत नाही. गरोदर भगिनींना फॉलिक ॲसिड सरकारी दवाखान्यातून देतात ते मात्र जरूर घ्यावे, बंद करू नये.

माळकरी मंडळी विचारतात, ही गोळी चालेल का? ब-१२ हे जीवनसत्त्व कारखान्यात जिवाणूंच्या आंबवण्यातून तयार करतात, दही लागते तसे. फक्त बऱ्याच कॅप्सूलचे वेष्टण जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरापासून येते. तेव्हा दुकानदाराला सांगून साधी गोळी मागा.

ड जीवनसत्त्व : आगर सुटले, ऊनही सुटले

पूर्वी आपल्या आया-आज्या आगरात, शेतात, वलगणीच्या मासळीमागे दिवसभर उन्हात असत. आज त्यांच्या सुना-नाती नोड्समधल्या घरांत, दुकानांत, कार्यालयांत आहेत. ड जीवनसत्त्व कातडीवर ऊन पडल्यावर शरीर स्वतः तयार करते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा याला उपयोग नाही, कारण लागणारे किरण काच अडवते. सकाळचे कोवळे ऊन अंगाला बरे वाटते, पण ड तयार करणारे किरण जास्त असतात ते अकरा ते दोनच्या उन्हात. तेव्हा हात, पाय, पाठीचा काही भाग उघडा ठेवून पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून काही दिवस, एवढे पुष्कळ झाले. चटका बसेपर्यंत उभे राहायचे नाही. गच्चीवर वाळवण टाकायचे काम त्या वेळेला घ्या, दोन्ही साधेल.

खाण्यातून ड कमीच मिळते. बांगडा, तारली, पेडवे अशी तेलकट मासळी आणि अंड्याचा पिवळा बलक यांतून काही मिळते. बाकी भाजीपाल्यात नाही.

यातली मोठी चूक मी तीन-चार घरांत पाहिली आहे. डॉक्टर ६० हजार युनिटची पावडरची पुडी लिहून देतात. ती आठवड्यातून एक, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. घरी मात्र ती रोज एक घेतली जाते, किंवा कोर्स संपल्यावर शेजारणीच्या सांगण्यावरून पुन्हा चालू होते. ब-१२ जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाते. ड तसे जात नाही, ते चरबीत साठते. फार झाले तर रक्तातले कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. खताची गोणी जास्त पडली तर पीक जळते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पुडी आणल्याबरोबर कॅलेंडरवर रविवारी खूण करा आणि त्या दिवशीच्या मुख्य जेवणानंतर घ्या.

लोह आणि चहा

थायरॉईड ग्रंथीला आपले द्रव्य तयार करायला लोहही लागते. बायकांत लोह कमी असणे ही घरोघरची गोष्ट. माठ, शेवगा, टाकळा, अळू या भाज्या, कडधान्ये आणि नाचणी खा, पण त्यावर लिंबू पिळा किंवा सोबत आवळा, पेरू, कोकमाच्या ऐवजी ताजे लिंबू-सरबत घ्या. आंबट फळातले क जीवनसत्त्व भाजीतले लोह शरीरात ओढून घेते. आणि जेवणावर लगेच चहा नको. चहा लोहाला अडवतो. तासाभराने घ्या.

परसबागेत शेवग्याचे एक झाड, अळूची एक वाफी, लिंबाचे एक झाड, आणि गाळा छोटा असेल तर गच्चीवर कुंडीत माठ, मेथी, पालक एवढे ज्याला जमेल त्याने लावावेच.

कोबी-फ्लॉवरचे भय

वाशीच्या बाजारात माल पाठवणाऱ्या एका शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, थायरॉईडवाले आता कोबी खात नाहीत म्हणे. आम्ही करायचं काय?" कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरीच्या जातीच्या भाज्यांत काही घटक असे असतात की ते थायरॉईडच्या कामात अडथळा आणू शकतात. पण ते कच्च्या भाज्या खूप खाल्ल्या आणि आयोडीनही कमी असले तर. शिजवल्यावर त्यांचा जोर बराच कमी होतो. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या माणसाने आठवड्यातून दोन-तीनदा शिजवलेली कोबीची भाजी खाल्ली तर काही बिघडत नाही. कच्च्या कोबीचा रस रोज पेलाभर प्यायचे फॅड मात्र नको. सोयाबीनही खायला हरकत नाही, फक्त ते गोळीच्या वेळेला नको.

झिंक आणि सुपर फॉस्फेट एकत्र नको

आता मुख्य मुद्दा. आपण शेतात झिंक सल्फेट आणि सुपर फॉस्फेट एकत्र कालवून टाकत नाही. का? दोन्ही चांगलीच खते, पण एकत्र आली की एकमेकांना बांधून टाकतात आणि पिकाला झिंक मिळत नाही. पैसेही गेले, पीकही गेले.

थायरॉईडच्या गोळीचे तसेच आहे. कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी, लोह-कॅल्शियम असलेली मल्टिव्हिटॅमिन, आम्लपित्ताचे पातळ औषध यांपैकी काहीही थायरॉईडच्या गोळीबरोबर पोटात गेले तर ते तिला बांधून ठेवते. गोळी रक्तात जातच नाही. चहा-कॉफीनेही शोषण कमी होते. काकूंच्या घरी नेमके हेच चालले होते. सगळ्या गोळ्या एका डबीत, आणि सकाळच्या चहाबरोबर एका घोटात सगळ्या पोटात. तपासणीत आकडा वाढलेला यायचा, डॉक्टर ताकद वाढवायचे, आणि त्या वाढवलेल्या गोळीलाही कॅल्शियम बांधून ठेवायचे.

वेळापत्रक असे ठेवा :

१) सकाळी उठल्याबरोबर : थायरॉईडची गोळी, साध्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी. पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नको.

२) नाश्त्यानंतर : ब-१२ची गोळी चालते.

३) दुपारच्या जेवणानंतर : लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर. सकाळच्या गोळीपासून चार तासांचे अंतर पाहिजेच. सोबत लिंबू चालेल, चहा आणि दूध नको.

४) रात्रीच्या जेवणानंतर : कॅल्शियमची गोळी. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नको.

५) ठरलेल्या वारी : ड जीवनसत्त्वाची पुडी, डॉक्टरांनी सांगितलेले आठवडेच.

ज्यांना पहाटे मच्छी आणायला दिवाळे किंवा करंजा बंदरावर जावे लागते, पहिल्या गाडीने ड्युटीला जावे लागते, त्यांना सकाळची शिस्त जमत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी रात्री झोपताना घ्यावी. मात्र शेवटचे खाणे झाल्यावर तीन तास गेलेले असावेत आणि कॅल्शियम मग दुपारी घ्यावे. काहीही ठरवा, पण रोज तेच ठेवा.

गोळ्यांची बाटली दमट जागी, देव्हाऱ्यातल्या दिव्याजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. पावसाळ्यात बाटलीचे झाकण घट्ट लावा.

तपासणीला जाताना

गोळी सुरू केल्यावर किंवा तिची ताकद बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासतात. त्याआधी तपासून उपयोग नाही, शरीराला जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो. खत टाकल्यावर दुसऱ्या दिवशी पान हिरवे होत नाही, तसे. आकडा जागेवर आल्यावर डॉक्टर सांगतील तसे, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने.

केस गळतात म्हणून हल्ली बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. या गोळ्या रक्ताच्या काही तपासण्यांत घोळ करतात. थायरॉईड कमी असूनही अहवाल चांगला येतो. तेव्हा तपासणीआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवा आणि घेत असल्यास डॉक्टरांना सांगा. तळहात पिवळसर दिसले तरी सांगा. थायरॉईड मंद असला की गाजर-भोपळ्यातला पिवळा रंग शरीरात नीट बदलत नाही आणि कातडीत साठतो. त्याला कावीळ समजून झाडपाल्याच्या मागे लागण्याआधी डॉक्टरांना डोळे दाखवा. काविळीत डोळे पिवळे होतात, यात होत नाहीत.

नव्या सुनेला, लेकीला थायरॉईड असेल आणि दिवस गेल्याचे कळले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. गरोदरपणात गोळीची गरज लवकरच वाढते आणि सुरुवातीच्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असते. "बाळाला त्रास होईल" म्हणून गोळी बंद करणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. त्रास गोळीने होत नाही, बंद केल्याने होतो.

काकूंचे पुढे काय झाले?

काकूंच्या लेकाने सगळ्या गोळ्या आणि जुने अहवाल एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवले. ब-१२ तपासले, ते फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली. गोळ्यांच्या वेळा वेगळ्या केल्या. दोन महिन्यांनी टीएसएच तपासला तर तो उतरला होता, आणि पुढे डॉक्टरांनी थायरॉईडच्या गोळीची ताकद उलट कमी केली. हाताच्या मुंग्या गेल्या. थकवा बराच गेला. पण उजव्या तळपायाचा बधिरपणा अजून आहे. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षे आधी आला असता तर वेगळे असते.

माळ गळ्यात आहे. घरात रोज अर्धा लिटर दूध जास्त येते आणि ठरल्या दिवशी इंजेक्शन होते. लावणीच्या वेळी भेटल्या तेव्हा बांधावर न उतरता कडेला रोपांच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, माजा पाय जाऊ दे. बायांना सांग." म्हणून सांगतो आहे.

तेव्हा भगिनींनो, घरात कोणाला थायरॉईडची गोळी चालू असेल तर आज रात्री एवढे करा. गोळ्यांची डबी काढा. कोणती गोळी कशाची आणि किती वाजता घेतली जाते, ते एका कागदावर लिहा. मासळी, अंडी, दूध यांतले घरात काय आणि किती येते, तेही खाली लिहा. हा कागद घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि विचारा, ब-१२, ड आणि लोह तपासायचे का? मातीचा नमुना तपासल्याशिवाय खताचा हिशोब करू नका, हे मी तुम्हाला दर हंगामात सांगतो. अंगाचा हिशोबही तसाच तपासून करा.